दोन फोनांचा डबा

सकाळी सातला थोरल्यानं धाकट्याच्या कानाखाली आवाज काढला आणि साडेसातला दोघं एकाच पोत्याची दोन टोकं धरून शेडमध्ये खाद्य ओतत होते. धाकट्याच्या गालावर पाच बोटं उठली होती. थोरल्याच्या सदऱ्याची दोन बटणं गेली होती. पायांत साडेचार हजार पांढऱ्या कोंबड्यांचा कलकलाट, आणि दारात कमरेवर हात ठेवून म्हातारी उभी.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. "का अजून कुणाचा कान शिल्लक आहे?"

"त्याला विचार," थोरला म्हणाला. "काल दुपारी परत मला डब्यातून काढलं यानं."

"मी काढलं? दीड वाजता मीच बाहेर पडलो होतो. दहा वेळा आत गेलो, दहा वेळा यानं ढकललं."

"बघ, कसा साळसूद बोलतो. घाल मिठी त्याला, आई."

"मिठी नको, मधे भिंत घाल म्हणतो मी. अर्धी शेड त्याची, अर्धी माझी. डबेही दोन घेऊ."

"भिंत मी मेल्यावर घाला," म्हातारी म्हणाली. "तोवर एक शेड, एक चूल. आणि पोतं नीट धरा, अर्धं खाद्य खाली सांडतंय. कोंबड्यांनी खायचं का तुमच्या पायांनी?"

गावात तिला फौजदारीण म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण तिला ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. नवरा गेला तेव्हा दोन्ही पोरं शाळेत होती. तिनं विहिरीवर दगड फोडले, दुसऱ्यांची शेतं खुरपली, भावकीतल्या एकाच्या डोक्यात त्याच्याच चपलेनं मारलं आणि पोरांना उभं केलं. आपण चुकलो असं ती आयुष्यात कधी म्हणाली नव्हती. चुकायची तशी वेळही आली नाही, असं तिचं म्हणणं.

आता त्या डब्याचं सांगायला हवं, कारण सगळी आग त्यातूनच निघाली.

कोंबड्या कंपनीच्या. पिल्लं कंपनी देणार, खाद्य कंपनी देणार, चाळीस दिवसांनी गाडी येऊन पक्षी उचलणार. शेड यांची आणि घाम यांचा. आधी पंखे भिंतीवरच्या खटक्यानं चालत. मग कुठल्याशा गावात कुणीतरी विजेचं बिल वाचवायला दुपारचे पंखे बंद ठेवले आणि अख्खी शेड शिजली. त्या एकाच्या पापाची शिक्षा सगळ्यांना झाली. कंपनीनं खटका लोखंडी पेटीत घातला, पेटीला कुलूप लावलं, किल्ली सुपरवायझरच्या खिशात. आणि भिंतीवर एक पांढरा डबा ठोकला, भाकरीच्या डब्याएवढा, वर दोन हिरवे दिवे. हे कंपनीचं नेटवर्क. मालकाचा फोन डब्याला जोडला की फोनवरून पंखे फिरणार, पाण्याचे फवारे सुटणार, आणि शेडमध्ये किती उकडतंय ते कंपनीतला साहेब लांब कुठंतरी गार खोलीत बसून बघणार.

"म्हणजे कोंबडी आपल्या पायात आणि लगाम त्याच्या हातात," म्हातारी तेव्हाच म्हणाली होती. डबा ठोकणाऱ्या माणसाला तिनं इतकं झोडपलं की तो पाणीसुद्धा न पिता गेला.

डबा आल्यापासून पहिला महिना नीट गेला. दोघा भावांचे फोन जोडलेले, ज्याची पाळी तो बघायचा. मग भांडणं सुरू झाली. रोज दुपारी कुणाचा तरी फोन डब्यातून बाहेर पडायचा. तो परत जोडायला जावं तर दुसऱ्याचा पडायचा. डब्याला फोन जोडायचा नंबर दोघांनाच माहीत, तेव्हा हे करणार कोण? थोरल्याला वाटे, हा सगळी शेड आपल्या मुठीत घ्यायला बघतोय. धाकट्याला वाटे, याला मला कंपनीपुढं नालायक ठरवायचंय. पहिल्यांदा शिव्या झाल्या. मग ढकलाढकली. एकदा थोरल्यानं पाण्याची बादली फेकून मारली, धाकट्याच्या कपाळाला तीन टाके पडले. जावाजावांनी बोलणं सोडलं. म्हातारी दोघांनाही शिव्या घालायची, मधे उभी राहायची, एकदा तर तिनं झाडूच्या दांडक्यानं दोघांनाही बडवलं. तिला रात्रंदिवस एकच धास्ती होती, एक दिवस यातला एक दुसऱ्याचा जीव घेणार. भावकीला जे तिच्या हातून हिसकावता आलं नाही, ते हे दोघं आपल्याच हातानं मोडणार.

आणि रोज दुपारी जेवणं झाली, सगळे कलंडले, की हीच म्हातारी खाद्याच्या खोलीमागं जायची. तिथं पोत्यांची थप्पी आणि शेडची भिंत यांच्यात एका माणसापुरती सावली होती. खाली बसायची, पदराखालून थोरल्याचा जुना, काच तडकलेला फोन काढायची.

हे कुणाला माहीत नव्हतं, कारण फोन म्हणजे रिकामटेकड्यांची खाज, असं ती जन्मभर सगळ्यांना ऐकवत आली होती. धाकट्या सुनेच्या हातात फोन दिसला की म्हणायची, "घाल आता तो चुलीत, तेवढंच जळण वाचेल." आणि तिच्याकडं फोन होता तो फक्त कुणाचा आला तर घ्यायला.

पण एका दुपारी त्यावर लेकीचा आवाज आला.

लेक सात वर्षांमागं ट्रकवाल्याबरोबर निघून गेली होती. म्हातारीनं तेव्हा दारात उभं राहून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, ती मला मेली. या घरात तिचं नाव कुणी काढलं तर त्याचीही तीच गत. भावांनी तोंडं मिटली ती मिटलीच. आता लेक फोनवर हुंदके देत म्हणाली, आई, मला मुलगा झालाय, अकरा महिन्यांचा आहे, तू एकदा बघ.

म्हातारीनं फोन ठेवला. दोन दिवस ताटातली भाकरी तिनं कुत्र्याला घातली. तिसऱ्या दिवशी शिंपिणीकडं चोळीचं माप द्यायला गेली आणि फोनमध्ये तोंड दिसायचं ते कसं करतात, हे आडून आडून विचारून आली. त्याला नेट लागतं म्हणे. डब्याच्या पोटाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यावर मोठ्या आकड्यांत नंबर. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, आकडा येत होता. बाजारात वजनकाटा बघून बघून शिकलेली. अक्षरांच्या जागी शिंपिणीनं सांगितलेली खूण ओळखून तिनं सगळं दाबलं आणि फोन लागला. लेकीचं तोंड दिसलं, आणि तिच्या कडेवर एक भलंमोठं डोकं.

त्या दुपारी तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला की तिनं संध्याकाळी दोन्ही सुनांना कारण नसताना झापलं.

तेव्हापासून रोज अर्धा तास. मधेच चित्र थिजायचं, आवाज जायचा. म्हातारी परत दाबायची. रेंजच मेली आहे, असं म्हणायची.

कानाखाली वाजली त्या दिवशी पक्ष्यांचा सदतिसावा दिवस होता. तीन दिवसांत गाडी येणार. पक्षी दोन दोन किलोंचे झालेले, चालताना डुलायचे. ऊन असं की शेडच्या पत्र्याकडं बघवत नव्हतं. मातीला भेगा पडलेल्या, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि कुत्रं पाण्याच्या टाकीखाली चिखलात पोट टेकून पडलेलं. एक वाजता वीज गेली. पंखे थांबले. फवारे थांबले. दीडला वीज आली.

वीज आली की पंखे आपोआप सुरू होत नसत. फोनवरून सांगावं लागे, आणि सांगणं डब्यापर्यंत पोचायला फोन एक मिनिट तरी न तुटता जोडलेला लागे.

खाद्याच्या खोलीमागं म्हातारी लेकीला म्हणत होती, "उभं कर त्याला. सोड हात. पडू दे, पडल्याशिवाय चालतं का कुणी?"

"आई, आज सोडलं तर चालेल बघ. थांब, फोन नीट धरते."

चित्र थिजलं. म्हातारीनं परत दाबलं. पोरगं उभं राहिलं, हात सोडला, गुडघे थरथरले. चित्र थिजलं. म्हातारीनं परत दाबलं. "मेल्या रेंजच्या," ती पुटपुटली, आणि परत दाबलं.

भिंतीच्या पलीकडं धाकटा फोन घेऊन उभा होता. "आत घे, आत घे," तो फोनला म्हणत होता. आत गेला, बाहेर पडला. समोरच्या दारातून थोरला घामानं निथळत आला. त्याच्याही हातात फोन.

"सोड," थोरला म्हणाला. "मी लावतो पंखे."

"तू सोड. तू घुसतोस म्हणून मी पडतोय."

"पक्षी बघ. चोची उघडल्यात सगळ्यांनी."

"दिसतंय मला. तू फोन खाली ठेव."

"तू ठेव."

कुणीही ठेवला नाही. पक्षी माना लांब करून धापा टाकत होते, पंख अंगापासून सोडलेले. पाच-सात भिंतीकडं आडवे झाले होते. थोरल्यानं धाकट्याच्या हातातल्या फोनवर झडप घातली. धाकट्यानं त्याच्या छातीत कोपर मारलं. दोघं पक्ष्यांच्या अंगावर पडले, आणि खाली काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. खाली पसरलेल्या भाताच्या तुसाचा धुरळा उडाला. थोरला उठला, भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि धाकट्यावर न घालता डब्यावर घातली. एक घाव, दोन घाव. डब्याचे हिरवे दिवे विझले, तारा लोंबल्या.

"आता लाव," थोरला म्हणाला. "आता तुझा बाप लावेल पंखे."

धाकट्याच्या हाताला खाद्य ओढायचं खोरं लागलं. त्यानं ते दोन्ही हातांनी फिरवलं. थोरल्यानं डोकं वाचवायला हात वर केला आणि दांडा त्याच्या कोपराखाली बसला. हाड मोडल्याचा आवाज कोंबड्यांच्या गदारोळातही ऐकू आला. थोरला ओरडला ते एखाद्या जनावरासारखं.

ते ओरडणं ऐकून म्हातारी धावली. फोन पदराखाली खुपसायचं तिला भान राहिलं, एवढं मात्र खरं.

दारात येऊन तिनं जे बघितलं ते ती नंतर कधी कुणाला सांगू शकली नाही. थोरला गुडघ्यावर, त्याचा डावा हात कोपरापासून भलत्याच दिशेला. धाकटा वर खोरं उगारून. आणि चहूकडं पांढरा सडा, काही हलणारा, काही न हलणारा.

ती पोरांकडं गेली नाही. तिनं पडलेली पहार उचलली आणि लोखंडी पेटीच्या कुलपावर घातली. साठीची बाई. पहिला घाव घसरला आणि तिच्या अंगठ्याचं नख उपटून निघालं. दुसऱ्या घावाला कुलूप वाकलं. तिसऱ्याला पेटीचं दार लोंबलं. तिनं रक्तानं भरलेल्या हातानं खटका वर केला.

पंखे घरघरले. फवारे सुटले.

मग ती वळली आणि पहारीचं टोक धाकट्याच्या छातीला लावलं. "टाक ते खोरं," ती म्हणाली. "नाहीतर आज मी एक पोर कमी करते." धाकट्यानं खोरं टाकलं.

एका तासात कंपनीचा सुपरवायझर मोटरसायकलवर आला. डबा बंद पडल्याचं त्याला त्याच्या फोनवर कळलं होतं. जाड भिंगाचा माणूस, गावातली पोरं त्याला चष्म्या म्हणत. थोरल्या सुनेनं नवऱ्याचा हात काठी आणि पंचानं बांधला होता. टेम्पो बोलावला होता, तो यायचा होता. थोरला पोत्यावर बसून दात आवळत होता. सगळं घर शेडच्या दारात जमलेलं, धाकटी सूनसुद्धा.

चष्म्यानं मेलेले पक्षी मोजायला सांगितले. मोडलेलं कुलूप बघितलं, फुटलेला डबा बघितला आणि मान हलवली. मग त्यानं आपला फोन काढला.

"तुम्ही एकमेकांना काढत होता म्हणता," तो म्हणाला, "पण डब्यात दोन फोनांना जागा आहे. तुमचे दोनच असते तर कुणी पडलं नसतं. पाटावर दोन माणसं बसलीत, तिसरा येऊन टेकला की एकजण खाली पडतो, तसं आहे ते. इथं नोंद आहे बघा. गेले दोन महिने रोज दुपारी तिसरा फोन आलाय. आजही, एक पस्तीस ते दोन. अकरा वेळा."

थोरला पोत्यावरून अर्धवट उठला.

"तिसरा कुणाचा?" थोरल्यानं विचारलं.

"ते नोंदीत येत नाही."

थोरल्यानं मान वळवली, धाकट्या सुनेकडं. "हिच्या हातातून कधी फोन सुटलाय का? दिवसरात्र टुकटुक. हिनंच जोडला असणार. माझा हात मोडला हिच्या टुकटुकीपायी."

"मी नाही," धाकटी म्हणाली. "माझ्या फोनात बघा. देते मी."

धाकट्यानं तिच्या हातातून फोन ओढला आणि फरशीवर आपटला. काच उडाली. मग त्यानं तिच्या केसांना धरलं. "भावाचा हात मोडायला लावलास मला," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. त्यानं तिला खांबावर आपटलं. तिच्या ओठातून रक्त आलं. ती ओरडली नाही, तिनं फक्त सासूकडं बघितलं. त्या नजरेत मदत मागणंही नव्हतं. या बाईकडून काही मिळायचं नाही, हे तिला सहा वर्षांत पक्कं कळलं होतं.

धाकट्यानं परत हात उचलला.

"सोड तिला," म्हातारी म्हणाली.

"आई, तू मधे पडू नको."

"सोड म्हणते ना. तिसरा फोन माझा आहे."

धाकट्याचा हात थांबला, पण केस सुटले नाहीत. थोरला हसला, दुखण्यानं कळवळत हसला. "आई, जन्मात कधी सुनेची बाजू घेतली नाहीस आणि आजच पुळका आला? तुला फोन धरता येतो का धड?"

"आजी, नंबर सोळा आकडी आहे," चष्म्या म्हणाला. "तुम्हाला कसा जमेल?"

म्हातारीनं पदराखालून तडकलेला फोन काढला आणि खांबापाशी ठेवला. मग सगळ्यांच्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघत सोळाच्या सोळा आकडे म्हणून दाखवले. एकही चुकला नाही. चष्म्या ओठ हलवत फोनमधल्या नंबराशी ताडत गेला आणि शेवटी त्यानं चष्मा काढून पुसला.

"कशाला?" धाकट्यानं विचारलं. त्याच्या बोटांतून बायकोचे केस सुटले होते, ते त्याला कळलंही नव्हतं. "कशाला लागत होता तुला?"

"बोलायला."

"कुणाशी?"

म्हातारीला वाटलं, पहार परत उचलावी आणि काहीतरी फोडावं. फोडायला काही उरलं नव्हतं.

"तुमच्या बहिणीशी," ती म्हणाली. "दारात उभी राहून मेली म्हणून सांगितलं होतं मी. ती मेली नव्हती. मी चुकले. तेव्हाही चुकले आणि आजही."

थोरल्या सुनेनं तोंडावर पदर धरला. धाकटी खांबाला धरून उभी राहिली, ओठ पुसला आणि पहिल्यांदाच सासूकडं नीट बघितलं.

धाकट्यानं खाली वाकून तो तडकलेला फोन उचलला. दगडावर ठेवला. पहार घेतली आणि मारली. तीन वेळा. तुकडे तुसात उडाले. दोन महिने ज्याच्यात एक डोकं मोठं होताना म्हातारीनं बघितलं होतं, त्याचं काही उरलं नाही. म्हातारी एक शब्द बोलली नाही. हे गावात कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं.

पाचशे सत्तर पक्षी मेले होते. उन्हात पडू दिले तर बाकीच्यांना रोग लागेल, म्हणून चष्म्यानं आजच पुरायला सांगितलं. शेडच्या मागं धाकटा खड्डा खणायला लागला. जमीन दगडासारखी झाली होती, कुदळ आपटली की ठिणगी उडायची. म्हातारीनं अंगठ्याला चिंधी गुंडाळली, दुसरं खोरं घेतलं आणि वर ओढलेली माती बाजूला सारायला लागली. एरवी तिनं हातात खोरं धरलं की कुणीतरी येऊन काढून घ्यायचं, आई तू बस म्हणायचं. आज कुणी आलं नाही. तीही थांबली नाही.

धाकटी पोत्यातून मेलेले पक्षी आणून कडेला ओतत होती. सुजलेल्या ओठानं, नवऱ्याकडं न बघता. एकदा धाकट्यानं तिच्या हातातलं पोतं घ्यायला हात पुढं केला. तिनं पोतं त्याच्या हातात दिलं नाही, त्याच्या पायाशी टाकलं आणि दुसरं आणायला गेली. ते मिटायला वेळ लागणार होता. मिटेल की नाही तेही कुणी सांगावं.

थोरला खड्ड्याच्या कडेला दगडावर बसला होता, मोडका हात मांडीवर. टेम्पोचा अजून पत्ता नव्हता. मेलेल्या पक्ष्यांवर टाकायला आणलेल्या चुन्याच्या पोत्याकडं तो बघत होता. मग तसाच बघत म्हणाला,

"कशी आहे ती?"

म्हातारीनं खोरं चालूच ठेवलं. "लठ्ठ झालीय," ती म्हणाली. "पोरगं तुझ्यावर गेलंय. डोकं नुसतं, अक्कल कधी येते बघायची."

खड्ड्यात कुदळ थांबली. धाकट्यानं मान वर केली नाही.

"चालतं का?" त्यानं विचारलं.

"आज चालणार होतं," म्हातारी म्हणाली आणि खोरं परत मातीत घातलं. "तेवढ्यात तुम्ही ओरडलात."